चारपैकी किती डोस? साहेलमधल्या सात देशांचा हिशेब

साहेल म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने सेनेगलपासून सुदानपर्यंत गेलेला कोरडवाहू पट्टा. मुख्य पिकं बाजरी आणि ज्वारी. पाऊस जेमतेम तीन-चार महिने, आणि वर्षभरातला बहुतेक मलेरियाही त्याच महिन्यांत. आजारी पडणाऱ्यांत आणि दगावणाऱ्यांत सगळ्यात जास्त भरणा पाच वर्षांखालच्या मुलांचा.

मलेरिया असा ठरावीक महिन्यांत दाटून येतो, याचाच फायदा घेणारा उपाय जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१२ मध्ये सुचवला. ज्या भागात वर्षातल्या ६० टक्क्यांहून जास्त केसेस सलग चार महिन्यांत येतात, तिथे ३ ते ५९ महिने वयाच्या प्रत्येक मुलाला हंगामात दर महिन्याला मलेरियाच्या औषधाचा पूर्ण कोर्स द्यायचा, मूल ठणठणीत असलं तरी. याला हंगामी मलेरिया प्रतिबंध म्हणतात, इंग्रजी संक्षेपाने एसएमसी. औषधं दोन: सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि अमोडायाक्विन. कोर्स तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी दोन्ही औषधं आरोग्य कार्यकर्त्यासमोर घ्यायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी अमोडायाक्विन आईने घरी द्यायचं. एका कोर्सचं संरक्षण साधारण चार आठवडे टिकतं, मग झपाट्याने उतरतं. म्हणून दर महिन्याला नवी फेरी. शिफारशीआधीच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा मुलांमधला सुमारे तीन-चतुर्थांश मलेरिया टळतो असं दिसलं होतं, आणि गंभीर मलेरियाही जवळपास तितकाच.

पण चाचणीत प्रत्येक मुलाचं नाव वहीत असतं आणि त्याच्या मागे माणूस असतो. लाखो घरांत हेच करायचं तर औषध खरोखर किती मुलांपर्यंत पोचतं? हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा तपासला गेला तो २०१५ आणि २०१६ मध्ये, ‘अ‍ॅक्सेस-एसएमसी’ या प्रकल्पात. पैसा युनिटएड या आंतरराष्ट्रीय आरोग्यनिधी संस्थेचा, नेतृत्व मलेरिया कन्सॉर्शियम या स्वयंसेवी संस्थेचं, सोबत कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस, आणि मूल्यमापनात लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन. देश सात: बुर्किना फासो, चाड, गिनी, माली, नायजर, नायजेरिया आणि गांबिया. निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. या प्रकल्पाने किती जीव वाचवले यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्याच्या मोजमापाबद्दल लिहायचं आहे. आरोग्य खात्याच्या बैठकीत कव्हरेजचा, म्हणजे ज्यांना औषध मिळायला हवं त्यांतल्या किती टक्क्यांना मिळालं याचा, एक आकडा पडद्यावर येतो आणि सगळे पुढच्या विषयाकडे वळतात. त्या एका आकड्यामागे काय काय दडलेलं असतं, ते या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं.

एकाच हंगामाचे तीन आकडे

२०१५ च्या हंगामात सात देशांत मिळून उद्दिष्ट होतं ३६,५०,४५५ मुलांचं. दिले गेले १,२४,६७,९३३ मासिक डोस (एक मासिक डोस म्हणजे तीन दिवसांचा एक कोर्स). भागाकार केला तर प्रत्येक मुलामागे ३.४ डोस येतात. सगळीकडे चार फेऱ्या धरल्या तर हे कव्हरेज ८५ टक्के झालं. मोहिमेच्या नोंदींवरून निघणारा हा पहिला आकडा.

दुसरा आकडा घरोघरच्या सर्वेक्षणातला. हंगाम संपल्यावर नमुन्यातल्या घरी जाऊन मुलाचं कार्ड पाहिलं आणि आईला विचारलं, तेव्हा दर महिन्याला सरासरी ७६.४ टक्के पात्र मुलांना डोस मिळाल्याचं आढळलं.

तिसरा आकडाही त्याच सर्वेक्षणातला. चारही महिने डोस मिळालेली मुलं ५४.५ टक्के.

पंच्याऐंशी, शहात्तर, साडेचोपन्न. मोहीम तीच, मुलं तीच. पुढच्या वर्षी कार्यक्रम दुपटीहून मोठा झाला, २,५१,१७,४८० डोस आणि ७५,५१,४९१ मुलांचं उद्दिष्ट. तरीही चित्र जवळपास तसंच राहिलं: नोंदींवरून ८३ टक्के, सर्वेक्षणात महिन्याला ७४.८ टक्के, चारही डोस ५३ टक्के. इतकी मोठी वाढ होऊनही कव्हरेज ढासळलं नाही, हे राबवणाऱ्यांचं मोठं यश आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. पण तिन्ही आकड्यांमधली दरीही जशीच्या तशी राहिली. म्हणजे ती एखाद्या वर्षीच्या गोंधळातून आलेली नव्हती. ती मोजण्याच्या पद्धतींतूनच आलेली होती.

उंबऱ्यावर काय घडतं

पहिला आकडा कसा तयार होतो ते बघायचं तर उंबऱ्यापाशी जावं लागतं. दोघांची जोडी गल्लीतून घर घर करत येते. उत्तर नायजेरियासारख्या भागात परका पुरुष अंगणाच्या आत जाऊ शकत नाही, त्यामुळे जोडीत बाई असली तरच आतल्या मुलांपर्यंत पोचता येतं. मुलाचं वय विचारायचं. जन्मदाखला क्वचित असतो, मग सणावारावरून, भावंडांच्या वयावरून अंदाज बांधायचा. वर्षाखालच्या बाळाला कमी ताकदीचं पाकीट, वर्षावरच्याला जास्त ताकदीचं. अंगात ताप असेल तर आधी जलद चाचणी. मलेरिया निघाला तर प्रतिबंधाचा डोस द्यायचा नाही, उपचार करायचे. सगळं ठीक असेल तर गोळी चमच्यात पाण्यात विरघळवून पाजायची. अमोडायाक्विन कडू असतं. सुरुवातीच्या काळात साध्या गोळ्या कुटून द्याव्या लागत, तेव्हा तर मुलं थुंकूनच टाकत. औषध दिल्यावर अर्धा तास थांबायचं, आणि तेवढ्यात मुलाने उलटी केली तर पुन्हा डोस. उरलेल्या दोन गोळ्यांचं पाकीट आईच्या हातात, कार्डावर खूण, टॅली शीटवर एक उभी रेघ.

त्या रेघांची बेरीज म्हणजे अंश. आता यात काय काय शिरतं ते पाहा. साडेपाच-सहा वर्षांचं मूल, ज्याची आई म्हणते, याला नको का? कार्यकर्त्यालाही नाही म्हणवत नाही. शेजारच्या गावातून आजोळी आलेलं मूल, जे इथल्या उद्दिष्टात धरलेलंच नाही. उलटीनंतर दिलेला दुसरा डोस, जो काही ठिकाणी चुकून वेगळी रेघ होऊन बसतो. यात कुणाची लबाडी असायला लागत नाही. साठ महिन्यांच्या पुढच्या मुलाला डोस दिल्याने त्याचं फारसं बिघडत नाही, पण त्याची रेघ कागदावर एका सुटलेल्या लहानग्याची जागा भरून काढते.

छेद त्याहून नाजूक. नायजेरियात शेवटची जनगणना २००६ ची. २०१५ मध्ये एखाद्या वॉर्डात पाच वर्षांखालची किती मुलं आहेत हे सांगायचं तर नऊ वर्षांपूर्वीच्या आकड्याला वाढीचा दर लावून सांगायचं. त्या नऊ वर्षांत एखादी वस्ती दुप्पट झालेली असते, एखादी उठून गेलेली असते. आपल्याकडे लसीकरणाचा मासिक अहवाल भरणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. एका उपकेंद्राचं कव्हरेज शंभराच्या वर जातं, शेजारच्याचं साठावर अडतं, आणि दोन्हीकडे काम सारखंच झालेलं असतं. उद्दिष्ट चुकलेलं असतं.

मग नोंदींचा आकडा टाकाऊ आहे का? अजिबात नाही. औषधाची किती पाकिटं लागतील, कुठला साठा संपत आला, कुठली टोळी दुपारीच घरी गेली, हे रोजच्या रोज फक्त त्यातूनच कळतं. तो व्यवस्थापनाचा आकडा आहे. मूल सुरक्षित आहे की नाही, हे विचारायला त्याच्याकडे जाऊ नये, इतकंच.

शंभर मुलांचा हिशेब

सर्वेक्षणाचे दोन आकडे, महिन्याला ७६.४ आणि चारही महिने ५४.५, बहुतेक अहवालांत शेजारी शेजारी छापून सोडून दिलेले असतात. ते एकत्र वाचले तर बरंच काही बोलतात. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे.

शंभर मुलं धरू. चार फेऱ्यांचे मिळून चारशे डोस पोचायला हवेत. महिन्याला ७६.४ म्हणजे प्रत्यक्षात पोचले सुमारे ३०६. आता समजा डोस चुकणं ही निव्वळ योगायोगाची गोष्ट आहे. या महिन्यात हे मूल घरी नव्हतं, पुढच्या महिन्यात दुसरं कुठलं तरी. तसं असतं तर चारही डोस मिळालेली मुलं शंभरात फक्त ३४ निघाली असती, कारण ०.७६४ चा चार वेळा गुणाकार तेवढाच येतो. आता उलट टोक धरू: दर महिन्याला तीच तीच मुलं सुटतात. मग ७६ मुलांना चारही डोस आणि २४ मुलांना एकही नाही.

प्रत्यक्षात आले ५४.५, म्हणजे दोन टोकांच्या साधारण मध्ये. काही मुलं खरोखर योगायोगाने एखादा डोस चुकली. पण सुटण्याचा बराचसा भार ठरावीक मुलांवर पडला. ५४.५ मुलांनी चार-चार असे २१८ डोस घेतले. उरलेल्या ४५ मुलांच्या वाट्याला सगळे मिळून ८८, म्हणजे सरासरी दोनही नाहीत. संरक्षण महिनाभराचं असल्यामुळे दोन डोस मिळालेलं मूल निम्मा हंगाम उघड्यावर असतं.

इथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. हे सात देशांचे एकत्रित आकडे आहेत आणि देशादेशांत, जिल्ह्याजिल्ह्यांत फरक होता. ‘तीच मुलं सुटतात’ यातला काही भाग ‘तेच जिल्हे मागे पडतात’ असा आहे. दुसरं, एखादा डोस चुकणं कधी कधी योग्यच असतं. त्या महिन्यात चाचणीत मलेरिया निघालेल्या मुलाला प्रतिबंधाऐवजी उपचार मिळतात. पण एवढ्याने साडेपंचेचाळीस टक्क्यांचा उलगडा होत नाही.

या हिशेबावरून कामाची दिशा बदलते. डोस चुकणं निव्वळ योगायोग असेल तर उपाय सरसकट: मोहिमेचे दिवस वाढवा, दवंडी जास्त पिटा. पण तीच मुलं सुटत असतील तर गल्ल्यांतून आणखी एक चक्कर मारून काही होत नाही. मग विचारावं लागतं, ती मुलं कोण?

याची उत्तरं त्या प्रदेशाला जवळून पाहिलं तर दिसतात. मोहीम जुलै ते ऑक्टोबर, आणि पेरणी, खुरपणी, कापणीही तेव्हाच. आई सकाळी मुलाला पाठीशी बांधून शेतावर जाते, कार्यकर्ते दहा वाजता घरी येतात. फुलानी पशुपालक गुरं घेऊन हंगामात जागा बदलतात. ते कुठल्याच गावाच्या उद्दिष्टात नीट बसत नाहीत. चाड सरोवराच्या भोवती सशस्त्र हिंसाचाराने लोक उठून गेले. पावसाने ओढे भरले की पलीकडच्या वाडीला जायचा रस्ताच उरत नाही. आणि दुःखाची गोष्ट अशी की आरोग्य केंद्रापासून लांब, मच्छरदाणीविना, डबक्यांच्या कडेला राहणारी मुलंही बहुधा हीच. सुटणारं मूल आणि सगळ्यात धोक्यातलं मूल एकच असेल, तर ७६ टक्के कव्हरेजमधून ७६ टक्के धोका झाकला जात नाही.

सर्वेक्षणालाही न दिसणारी वस्ती

सर्वेक्षण नोंदींपेक्षा जास्त विश्वासाचं, याबद्दल वाद नाही. तरी त्याच्याही मर्यादा आहेत. नमुन्यातली गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडली जातात, म्हणजे गावांची यादी लागते. यादीत नसलेली वस्ती नमुन्यात येण्याची शक्यता शून्य. मोहिमेचं नियोजन आणि सर्वेक्षणाचा नमुना जर एकाच यादीवरून निघत असेल, तर मोहीम जिथे पोचली नाही तिथेच सर्वेक्षणही पोचत नाही आणि आकडा आपोआप सुधारतो. यावर मार्ग आहे: सर्वेक्षणासाठी यादी वेगळी घ्यावी, किंवा उपग्रहाच्या चित्रांवर घरांचे पुंजके पाहून नमुना काढावा. खर्च वाढतो, पण शून्य डोसची मुलं शोधायची असतील तर तो करण्यासारखा आहे.

आठवणीचा प्रश्नही आहे. हंगाम संपल्यावर आईला जुलैचा डोस विचारायचा, म्हणजे चार महिन्यांपूर्वीचा. कार्ड जपून ठेवलेलं असेल तर ठीक, नाही तर ‘दर वेळी दिला’ हेच उत्तर सोपं आणि सभ्य. आणि पहिल्या दिवशीचा डोस कार्यकर्त्यासमोर पडला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची कडू गोळी खरंच पोटात गेली का, हे जवळपास पूर्ण आईच्या शब्दावर. रिकामं पाकीट दाखवायला सांगणं हा त्यातल्या त्यात चांगला उपाय. ‘दोन्ही दिवस गोळी दिलीत ना?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘काल सकाळी काय दिलंत?’ असं विचारलं की आई आठवून सांगते. नायजेरियात पुढे गावातल्याच काही बायकांना घरोघरी जाऊन उरलेल्या गोळ्यांची आठवण करून द्यायचं काम दिलं गेलं. ते सर्वेक्षकाच्या प्रश्नापेक्षा केव्हाही उपयोगी.

औषध चाललं का

चाललं, आणि फार चांगलं चाललं. मलेरिया झालेली २,१८५ मुलं आणि त्यांच्याशी तुलनेसाठी घेतलेली ४,३७० मुलं यांच्या अभ्यासात डोसनंतरच्या २८ दिवसांत ८८.२ टक्के संरक्षण दिसलं. हंगामात रुग्णालयातले मलेरियाचे मृत्यू बुर्किना फासोत ४२.४ टक्क्यांनी आणि गांबियात ५६.६ टक्क्यांनी घटले. चारही महिने औषध पोचवून देण्याचा खर्च एका मुलामागे सरासरी ३.६३ डॉलर.

ओपीडीतल्या खात्रीच्या केसेसमधली घट मात्र नायजेरियात २५.५ टक्के, तर गांबियात ५५.२. औषध तेच आणि ज्या मुलाला मिळालं त्याला दिलेलं संरक्षणही भक्कम, तरी दोन देशांत एवढा फरक. यात दवाखान्याच्या नोंदींचा दर्जा येतो, मलेरियाचं मूळ प्रमाण येतं, आणि डोस न पोचलेली मुलंही येतात. औषध ८८ टक्के संरक्षण देतं तेव्हा पुढची मोठी सुधारणा औषधातून येणार नाही, पोचण्यातून येईल. ७६ चे ९० करणं हे नवा रेणू शोधण्याइतकंच मोठं काम आहे आणि त्याला तितकाच मान आणि तितकाच पैसा मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

एकोणीस मुलं

हंगामाअखेरचं सर्वेक्षण कितीही चांगलं केलं तरी ते त्या हंगामातल्या मुलांच्या उपयोगाचं नाही. जुलैत सुटलेली वस्ती नोव्हेंबरात कळून काय करणार? म्हणून फेरी संपल्या संपल्या करायच्या छोट्या पाहण्यांना महत्त्व आलं. त्यातली पद्धत कारखान्यातल्या माल-तपासणीतून घेतली आहे: खोक्यातले सगळे बल्ब न तपासता थोडेच काढून खोकं घ्यायचं की परत करायचं ते ठरवायचं.

सगळ्यात रुळलेलं रूप असं. एका पर्यवेक्षकाच्या हद्दीतून १९ मुलं यादृच्छिक पद्धतीने निवडायची. अपेक्षा ८० टक्के कव्हरेजची असेल तर १३ किंवा जास्त मुलांना डोस मिळालेला असला पाहिजे. १२ वर अडलं की ती हद्द नापास. खरं कव्हरेज ८० टक्के असताना हद्द चुकून नापास होण्याची शक्यता दहात एकापेक्षा कमी, आणि ५० टक्केच असताना चुकून पास होण्याचीही तेवढीच कमी. मधल्या पट्ट्यात, समजा ६५ टक्क्यांवर, ही पद्धत डगमगते, हे लक्षात ठेवायचं. ती त्या हद्दीचा टक्का सांगत नाही, पण पुढच्या फेरीला कुठे आधी जायचं ते सांगते, आणि तेही तीन आठवडे हातात असताना.

पल्स पोलिओत आपल्याकडे घराच्या भिंतीवर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहीत, ते अनेकांना आठवत असेल. ‘एक्स’ म्हणजे या घरात मूल सुटलं आहे, परत यायचं आहे. त्या खुणेत टक्केवारी नव्हती, पत्ता होता. मासिक डोसच्या मोहिमेत याच्या पुढे एक पायरी जावी लागते, कारण पत्ता एका फेरीपुरता पुरत नाही. जुलैत सुटलेलं मूल ऑगस्टमध्येही सुटलं का, हे कळायला मुलाची नोंद फेरीगणिक जोडलेली हवी. कागदी टॅली शीटवर ते होत नाही. रेघेला नाव नसतं. घरनिहाय रजिस्टर किंवा मोबाइलवरची नोंद असेल तर तिसऱ्या फेरीच्या आधी ‘आतापर्यंत एकही डोस नाही’ अशा मुलांची यादी हातात येते. माझ्या दृष्टीने कार्यक्रमाने दर महिन्याला सगळ्यात आधी बघायचा कागद हाच.

२०१२ मध्ये एका फेरीत सरासरी दोन लाख मुलांना हे औषध मिळत होतं. २०२३ मध्ये पाच कोटी तीस लाखांना. काही भागांत आता पाच फेऱ्या होतात, त्यामुळे ‘सगळे डोस मिळालेली मुलं’ हा आकडा आणखी अवघड होणार. जून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भूभागाची आणि फेऱ्यांच्या संख्येची जुनी बंधनं सैल केली. त्याआधीच मोझांबिकमधल्या नाम्पुला प्रांतात २०२० मध्ये आणि युगांडातल्या कारामोजात २०२१ मध्ये हा उपाय करून पाहायला सुरुवात झाली होती. आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागात सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनला परजीवींचा प्रतिकार जास्त आहे, म्हणूनच आधी हे भाग वगळले होते. तिथे एखाद्या जिल्ह्यात केसेस अपेक्षेइतक्या घटल्या नाहीत, तर कारणं दोन असू शकतात: औषध कमी पडलं, किंवा पोचलंच नाही. पहिलं खरं असेल तर औषध बदलावं लागेल, दुसरं खरं असेल तर माणसं आणि वेळापत्रक. कारामोजात लोक गुरांमागे फिरतात, गावाची यादी महिन्याभरात जुनी होते. तिथे मूलनिहाय, फेरीनिहाय नोंद नसेल तर या दोन कारणांत फरक करायला दुसरं काहीच हाताशी राहत नाही.